रंगाखालची चीर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की आवाज मऊ करतात, मधूनमधून उसासे टाकतात, असे तुम्ही ऐकले असेल. उसासे मलाही येतात. पण आधी मला थोडे भांडून घेऊ द्या. इतकी वर्षे लोक माझ्या अंगावर पाय देऊन वर चढले. आता निदान माझे बोलणे तरी पुरते ऐकून घ्या.

माझे भांडण एका गल्लीशी आहे, आणि त्या गल्लीतल्या सर्वांत चांगल्या माणसाशीही आहे. तो माणूस माझा मालक. धंद्याने रंगारी. त्याच्या उजव्या खांद्याचे काय झाले, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे, कारण छत रंगवणाऱ्याचा उजवा खांदा गेला की त्याच्या हातचे कामच गेले. हा खांदा कोणा दुष्ट माणसाने मोडला नाही. तसे असते तर माझा राग सोपा झाला असता. मी त्या दुष्टाच्या पायावर पडले असते आणि गप्प बसले असते.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. त्याच्या दुकानात भुसा इतका असे की चालताना पावलांचा आवाज होत नसे. फळी निवडताना तो ती बोटाच्या सांध्याने ठोकून बघे आणि कान लावून ऐके. गाठ असलेली फळी तो बाजूला ठेवी. जिच्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ धावतात तीच माझ्यासाठी घेई. पुढच्या दोन पायांमध्ये त्याने पायऱ्या बसवल्या, मागचे दोन पाय आधाराला ठेवले, डोक्याशी लोखंडी बिजागरी लावली आणि पुढच्या-मागच्या पायांमध्ये दोरी बांधली. मी उभी असताना पाय फाकू नयेत म्हणून ती दोरी. रंगारी लोक माझ्या जातीच्या शिडीला घोडा म्हणतात. मी आयुष्यात एकदाही धावले नाही, तरी म्हणतात.

रंगारी मला न्यायला आला तेव्हा अगदी तरुण होता. मी त्याच्या मालकीची पहिली वस्तू. उत्साहाच्या भरात तो सोबत रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला होता. मला तिथेच चकचकीत करून न्यायचे त्याच्या मनात होते. सुताराने ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला.

"शिडीला रंग लावायचा नाही. रंगाखाली चीर लपते, आणि लपलेली चीर माणूस पाडते. हिला तेल पाज आणि उघडी ठेव. हिला कुठे दुखतंय ते बघताक्षणी दिसलं पाहिजे."

रंगाऱ्याने ते मनावर घेतले. दर आठवड्याच्या सुट्टीला तो मला गॅलरीत दोन स्टुलांवर आडवी ठेवत असे. माझ्या एकेका पायरीवरून तळवा फिरवत असे, दांडे ठोकून ऐकत असे, बिजागरीचे स्क्रू आवळत असे. मग कापडाच्या बोळ्याने मला बेलतेल चोळत असे. बेलतेल म्हणजे जवसाचे उकळलेले तेल. ते अंगात मुरले की लाकूड तडकत नाही. माझे झाले की तो स्वयंपाकघरातले तेल घेऊन स्वतःच्या खांद्याला चोळत असे आणि फरशीवर हात पसरून पडून राहत असे. त्या दिवशी त्याच्याकडून कोणालाही काही मिळत नसे, आणि कोणाचे काही अडतही नसे.

छत रंगवणे सोपे नसते. भिंत रंगवताना हात समोर असतो. छत रंगवताना तो दिवसभर डोक्याच्या वर असतो, मान मागे पडलेली असते, आणि रंगाचा थेंब नेमका डोळ्यात पडायला टपलेला असतो. रंगारी कागदाची टोपी घालून माझ्या पाचव्या पायरीवर उभा राहत असे आणि एकच गाणे, तेही अर्धेच, गुणगुणत असे. बाजूला हात पोचत नसेल तर तो कधी अंग ताणत नसे. खाली उतरे, मला सरकवे आणि पुन्हा चढे. काम झाले की घरातले लोक वर बघून म्हणत, काय सुरेख झालेय. माझ्याकडे कोणी बघत नसे. मला त्याचे वाईट वाटत नसे. माझ्या अंगावर प्रत्येक घराच्या रंगाचा एखादा थेंब होता. माझ्या मानाने तेवढे कौतुक पुष्कळ होते.

आता नीट ऐका, नाहीतर माझ्याबद्दल भलताच समज करून घ्याल. मदत करणे वाईट, असे मी म्हणत नाही. एकदा गल्लीतल्या शिंप्याची लहान मुलगी न्हाणीघरात अडकली. आतून कडी लावली आणि मग तिला ती काढता येईना. रडून रडून तिचा आवाज बसला होता. रंगारी मला खांद्यावर टाकून धावतच गेला, मागच्या बाजूच्या झडपेला मला टेकवले, झडपेची काच काढली आणि आत उतरला. ती पोर बाहेर आली तेव्हा तिच्या आईने आधी तिला जवळ घेतले, मग एक धपाटा घातला, मग पुन्हा जवळ घेतले. त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे. तशी वेळ आज आली तरी मी जाईन, तीन पायांवर जाईन.

पण त्या दिवसापासून गल्लीला एक गोष्ट कळली. रंगाऱ्याकडे शिडी आहे, आणि शिडीबरोबर माणूस फुकट मिळतो.

मग सुरू झाले. कोणाचा बल्ब गेला. कोणाची पेटी माळ्यावरून काढायची होती. कोणाची मांजर छज्ज्यावर चढली होती. ती मांजर, मी सांगते तुम्हाला, मजेत बसली होती. आम्ही गेल्यावरच तिला खाली यावे लागले. शिडी न्यायला आलेला माणूस दारातच म्हणे की आम्हाला चढायची सवय नाही हो, तुम्हीच या ना. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असे, फक्त. फक्त एक खिळा. फक्त दोन मिनिटे. जगात इतके जड काम या एका हलक्या शब्दावर लादून आणलेले मी कधी पाहिले नाही.

रंगारी समोरच्याचे बोलणे संपायच्या आत 'हो' म्हणत असे. गल्लीने त्याचे नावच होदादा ठेवले. लोक प्रेमानेच म्हणत. तोही हसत असे. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जात असे, आणि मला तर तळपाय चार आहेत.

तो असा का, याचा मी दाराआड उभी राहून पुष्कळ विचार केला. तो भिडस्त होता. समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला बघवत नसे. 'तुम्ही होतात म्हणून झालं' हे वाक्य ऐकले की त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळत असे. इथवर मला समजू शकते. पण त्याच्या बायकोचा चेहरा रोज पडत होता, तो त्याला कसा दिसला नाही? ती एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करत असे. संध्याकाळी थकून घरी येऊन ती ताट वाढी तेव्हा नवरा कोणाच्या तरी छताला लागलेला. सारी गल्ली तिला वहिनी म्हणत असे. 'वहिनी, दादांना जरा पाठवा' म्हणताना दाराबाहेरच्या कोणाला कधी वाटले नाही की घरात एक माणूस ताटावर त्याची वाट बघत बसले आहे.

हळूहळू सुट्टीचा दिवस बुडाला. बेलतेलाच्या डब्यावर साय धरली आणि वाळली. मी कोरडी पडू लागले. आता लोक मला एकटीलाही नेऊ लागले होते आणि परत आणून देणे विसरू लागले होते. कोणी माझ्यावर ओले कपडे वाळत घातले. कोणी रात्रभर अंगणात पावसात ठेवले आणि सकाळी उन्हात. ओले होऊन तडकन वाळणे म्हणजे काय, ते लाकडालाच विचारा.

सगळ्यांत कळस केला बेकरीवाल्याने. त्याच्या दुकानासमोर नळ टाकायला रस्त्यात चर खणला होता. गिऱ्हाइकांना दुकानात यायला वाट उरली नव्हती. म्हणून त्याने मला मिटवून त्या चरावर आडवी टाकली, वर एक गोणपाट अंथरले आणि माझा पूल केला. शिडी उभी राहण्यासाठी असते, मित्रांनो. आडव्या शिडीवर भार दिला तर तो भलत्याच जागी पडतो. मैद्याचे पोते पाठीवर घेतलेला हमाल माझ्या मधोमध आला आणि माझ्या मागच्या डाव्या पायात कट्‌ असा आवाज झाला. रस्त्याच्या गोंगाटात तो कोणालाही ऐकू गेला नाही. तिथे एक बारीक चीर पडली होती, वीतभर लांब, केसाएवढी.

मी बेकरीत होते, हे सारे मला घरी परतल्यावर ऐकून कळले, पण नेमक्या त्याच दिवसांत रंगाऱ्याचा खांदा बोलू लागला होता. आधी सदरा काढताना. मग फळीवरचा डबा उतरवताना. मग नुसते झोपतानासुद्धा. एक दिवस त्याच्या हातातला ब्रश आपोआप खाली पडला. त्या दिवशी वहिनीने कारखान्यातून रजा काढली आणि त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

घरी आल्यावर तिने त्यांचे बोलणे त्याला शब्दन्‌शब्द पुन्हा ऐकवले, कारण तिथे तो नुसता मान हलवत बसला होता, असे ती म्हणाली. खांद्याच्या आत दोरीसारखा एक स्नायुबंध असतो. तो झिजला होता. अजून तुटला नव्हता. दोन महिने हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, रोज दिलेला व्यायाम करायचा, मग हात पूर्वीसारखा होईल. पण या दोन महिन्यांत तो बंध तुटला तर छत रंगवणे कायमचे विसरायचे.

इतके स्पष्ट सांगितले होते. मला, लाकडाला, कळले.

रंगाऱ्याने ठरलेली कामे सोडली. दोन घरांना निरोप पाठवला की दुसरा माणूस बघा. ज्या कामावर त्याचे पोट होते त्याला तो नाही म्हणू शकला. गल्लीच्या फुकटच्या कामांना मात्र त्याला नाही म्हणता येईना. याचा अर्थ मला कोणी समजावून सांगा. आणि खांद्याबद्दल तो गल्लीत कोणाशी चकार शब्द बोलला नाही. उगाच कशाला लोकांना काळजी, म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी दिलेला पट्टा दिसू नये म्हणून तो भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागला. कोणी विचारलेच तर म्हणे, मजेत आहे, जरा सुट्टी घेतली आहे. सुट्टी घेतली आहे म्हटल्यावर काय, गल्लीला वाटले, माणूस मोकळाच आहे.

अशात एके सकाळी बेकरीवाला मला परत घेऊन आला. आणि मित्रांनो, मी निळी होते. डोक्यापासून पायापर्यंत चकचकीत, निळीशार. इतके दिवस शिडी वापरली, आभार कसे मानायचे, म्हणून त्या भल्या माणसाने स्वतःच्या हाताने मला दोन हात तेलरंग दिला होता. माझ्या अंगावरचे सगळ्या घरांचे थेंब त्याखाली गेले. माझी चीरही गेली. रंग तिच्यात भरून गुळगुळीत बसला होता. बेकरीवाल्याला चीर दिसली नव्हती हे मी शपथेवर सांगते. त्याने बघितलेच नव्हते. तो बिचारा खुशीत होता.

रंगाऱ्याने मला पाहिले. त्याचे तोंड उघडले. त्याला सुतार आठवला असणार. मग त्याने बेकरीवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाला, वा, काय छान केलेत.

बेकरीवाला गेल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही रंगारी आहात ना? शिडीला रंग चालतो?"

"नाही चालत," तो म्हणाला. "पण एवढ्या प्रेमानं लावलाय त्यांनी. खरवडला तर वाईट वाटेल."

"आणि त्याच्याखाली काही झालेलं असलं तर?"

"बघू गं सावकाश."

 तिने मला उचलून कपाटामागे, अगदी भिंतीशी, सारून ठेवले आणि कपाट माझ्यापुढे ओढले. जणू मला लपवले की नवराही लपेल.

काही दिवस बरे गेले. तो भिंतीशी उभा राहून व्यायाम करे. बोटे भिंतीवर टेकवायची आणि कोळ्यासारखी एकेक करत वर चालवायची, दुखू लागले की थांबायचे, एवढाच तो व्यायाम. कपाटामागून मला त्याच्या नखांचा आवाज येत असे. खांदा निवत होता. मलाही वाटू लागले की सुटलो.

मग एका दुपारी, वहिनी कारखान्यात असताना, शेजारच्या इमारतीतले निवृत्त पोस्टमास्तर दारात आले. सज्जन गृहस्थ. कधी कोणाकडे काही मागायला न जाणारे. संध्याकाळी त्यांच्याकडे लेक आणि जावई येणार होते, आणि खिडकीच्या पडद्याची दांडी एका बाजूने निखळून लोंबत होती. ते दारातच संकोचून म्हणाले की फक्त ती दांडी चढवायची आहे. रंगाऱ्याने एकदा खांद्याला हात लावला. मला वाटले, आता सांगेल. आता तरी सांगेल.

तो 'हो' म्हणाला. डाव्या हाताने चढवू, असे मनाशी पुटपुटत त्याने कपाट ढकलले आणि मला बाहेर काढले.

पोस्टमास्तरांच्या बैठकीत मी उभी राहिले तेव्हाच माझा डावा पाय लचकला. मी करकरले. शिडीला यापेक्षा मोठ्याने ओरडता येत नाही. पोस्टमास्तर पुढे झाले आणि मला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. आपणही मदत करतो आहोत याचे त्यांना समाधान वाटत होते. रंगारी चढला. दांडी जुनी, भरीव लाकडाची, चांगली जड होती. एका हाताने ती उचलली जाईना. त्याने खाली बघितले. पोस्टमास्तर मान वर करून आशेने बघत होते. मग त्याने उजवा हात वर नेला. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर.

आणि माझी चीर उघडली.

पाय उभा फाटत गेला. मी एका बाजूला कलले. रंगाऱ्याला खाली पोस्टमास्तर दिसले. आपण सरळ त्यांच्या अंगावर पडणार हे त्याला कळले, आणि त्याने उजव्या हाताने खिडकीची सळई पकडली. सगळा देह क्षणभर त्या एका हातावर लोंबकळला. त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की मी तो विसरू शकत नाही. मग हात सुटला. तो पडला, मी पडले, दांडी पडली. आम्ही सगळे पोस्टमास्तरांच्या पायावर पडलो.

कोणीतरी कारखान्यात फोन केला. वहिनी धावत आली. दवाखान्याची गाडी यायची होती. पोस्टमास्तर भिंतीला टेकून बसले होते, त्यांचा घोटा मोडला होता. रंगारी उजवा हात डाव्या हाताने धरून बसला होता आणि पुन्हा पुन्हा त्यांची माफी मागत होता. वहिनीने त्याच्या सदऱ्याची बाही वर सारली, पट्टा पाहिला आणि खाली बसली. तिने पोस्टमास्तरांना सगळे सांगितले. दोन महिने, झिजलेला बंध, सगळे.

मी त्या सज्जन माणसाला चिडताना पहिल्यांदाच पाहिले.

"मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले.  "पडदाच होता ना? मी चादर टांगली असती. जावई काय माझ्या खिडकीला बघायला येतोय? तुम्हाला मी इतका वाईट वाटलो, की तुमचा हात गेला तरी चालेल पण माझा पडदा लागलाच पाहिजे, असं म्हणेन?"

रंगारी म्हणाला, "तुमचं मन मोडायचं नव्हतं, मास्तर."

"मन नाही मोडलंत. पाय मोडलात. आणि वर मला गुन्हेगार करून ठेवलंत, मला न विचारता."

माझ्या मनात इतकी वर्षे जे होते ते त्या मोडक्या घोट्याच्या म्हाताऱ्याने चार वाक्यांत सांगितले. मी पडल्या जागेवरून टाळ्या वाजवल्या असत्या.

तेवढ्यात बेकरीवालाही आला. त्याने मला उचलायला हात घातला आणि थांबला. फाटलेल्या पायात बाहेर निळा रंग होता आणि आत पांढरे लाकूड. चिरेच्या जुन्या कडा काळ्या पडल्या होत्या, आणि त्यांत थोडा मैदाही होता. तो बराच वेळ त्या मैद्याकडे बघत राहिला. रंगारी सवयीने म्हणाला, असू द्या हो. वहिनी म्हणाली, असू द्यायचे नाही. 

बंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. हात खांद्याच्या उंचीपर्यंत येईल, नेमाने व्यायाम केला तर थोडा वरही येईल. छत मात्र नाही. ज्या हाताने गल्लीतली निम्मी छते पांढरी केली होती त्या हाताबद्दल हे शब्द होते.  घरी येऊन रंगारी आडवा झाला आणि आपल्याच छताकडे बघत राहिला.

माझ्याबद्दल एक मत असे होते की मला बेकरीच्या भट्टीत घालावे. वहिनीने ते हाणून पाडले. पुढे हात जरा हलू लागल्यावर रंगारी माझ्याजवळ येऊन बसू लागला. डाव्या हातात पत्र्याची पट्टी घेऊन तो माझा निळा रंग खरवडू लागला. रोज थोडा. दुखले की ठेवून देई. रंगाखाली आणखी दोन बारीक चिरा निघाल्या. त्याने त्या बोटाने नुसत्या चाचपल्या. मग त्याने आणि वहिनीने मिळून, करवत आळीपाळीने धरत, माझे चारही पाय चिरेच्या वरून सारखे कापले. मी ठेंगणी झाले. आता माझ्या सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहिले तरी हात छताला लागत नाही. दारे, खिडक्या, कपाटे, भिंतीचा खालचा भाग, एवढे आमचे काम. रंगारीही तेवढेच काम घेतो. विचारले की सांगतो, इथपर्यंत माझे, त्याच्या वर दुसरा माणूस बघा.

गल्लीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. गल्लीला एक मोठा शोध लागला. शिडी दुकानात मिळते! इतकी वर्षे चौकातच ते दुकान होते आणि बाहेर ओळीने शिड्या उभ्या असत. आता सगळ्यांची मिळून एक ॲल्युमिनियमची शिडी आहे. ती पोस्टमास्तरांच्या जिन्याखाली असते. ज्याला हवी तो नेतो आणि स्वतः चढतो. कोणालाही चढायची सवय नव्हती ना? आली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट याच्याही नंतरची आहे. त्या दिवशी सकाळी रंगारी भिंतीशी व्यायाम करत होता. बोटे खांद्याच्या रेषेपर्यंत आली होती आणि तिथून पुढचे एक पेर चढायला त्याला घाम फुटला होता. दार उघडेच होते. बेकरीवाला दारात आला. त्याच्या काचेच्या कपाटाच्या दाराचा रंग उडाला होता. फक्त तेवढे बघून जायला तो रंगाऱ्याला बोलवत होता. काम ठेंगणे होते, आम्हाला जमण्यासारखे. रंगाऱ्याचे ओठ नेहमीच्या शब्दासाठी गोल झालेले मी पाहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन जागच्या जागी थांबली. मीही श्वास रोखला, म्हणजे शिडी जितका रोखू शकते तितका.

"आत्ता नाही," रंगारी म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "व्यायाम चाललाय. आज नाहीच जमणार. उद्या बघतो."

बेकरीवाला म्हणाला, "बरं."

आणि शीळ घालत निघून गेला.

रंगारी तसाच उभा राहिला, बोटे भिंतीवर. गल्लीत शीळ लांब लांब जात होती. तिच्यात राग नव्हता, दुःख नव्हते, काही नव्हते. कोणाचा चेहरा पडला नव्हता. थोड्या वेळाने त्याने मान वळवून वहिनीकडे बघितले.

"एवढंच?" त्याने विचारले.

"एवढंच," ती म्हणाली.

तो हसू लागला. मग हसता हसता त्याने कपाळ भिंतीला टेकवले आणि त्याचे खांदे हलू लागले, डावा जास्त आणि उजवा कमी. वहिनी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आणि माझा शांत होत आलेला राग पुन्हा उसळला. एवढेच! या दोन अक्षरांच्या 'बरं'ला भिऊन एका माणसाने आपला हात घालवला होता, आणि एका म्हाताऱ्याचा घोटाही. हे 'बरं' पहिल्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येकाच्या तोंडात तयार होते. ते बाहेर यायला कोणी वावच दिला नव्हता.

म्हणून मित्रांनो, तुम्ही लहान आहात तेव्हाच तुम्हाला बजावते. मदत करा, धावत जाऊन करा. पण आधी स्वतःचे अंग चाचपून बघा, आणि आठवड्यातला एक दिवस त्याला तेल मुरवायला ठेवा. तो दिवस कोणालाही देऊ नका. दुखत असेल तर ते उघडे ठेवा, सांगा. त्यावर हसूचा रंग चढवू नका, कारण तुम्ही कोसळाल तेव्हा तुमच्या खाली तेच उभे असतील, ज्यांना मदत करायला तुम्ही चढला होतात.

आणि मदत मागायला तुम्ही कोणाच्या दारात जाल, जालच कधी ना कधी, तेव्हा 'फक्त' हा शब्द घरी ठेवून जा. तुम्हाला जमेल का, असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर 'नाही' आले, तर 'बरं' म्हणा आणि खुशाल शीळ घालत घरी जा.